घोंगडीआडचा हुंकार

शाळांचे पेपर संपले की आमच्या गल्लीचा आवाज बदलतो. काल दुपारी तो बदलला. समोरच्या बिल्डिंगमधली सात-आठ पोरं जिन्यात जमली, कुणाच्या आईची साडी आली, कुणाच्या बापाचं हेल्मेट आलं, आणि नाटकात राजा कोण व्हायचं यावरून जी भांडणं लागली ती चार वाजेपर्यंत चालली. पहिल्या मजल्यावरच्या बाई दोनदा बाहेर येऊन त्यांच्यावर ओरडून गेल्या. पोरं तेवढ्यापुरती हसली आणि पुन्हा सुरू झाली. मी खिडकीत बसून चिंच फोडत होते. मनात आलं, केवढी श्रीमंत पोरं ही, यांच्याकडे ओरडायला दुपार आहे.

आमच्या घरी एक अख्खा उन्हाळा नाटकं झाली, आणि पोरांनी त्यातलं एक वाक्यही मोठ्यानं म्हटलं नाही. एकदाच म्हणायला लावलं, ते मी, आणि त्याचं काय झालं ते पुढं येईलच.

आता आम्ही शिरूरला राहतो. दोन खोल्या, वर स्लॅब. तेव्हा कारेगावात होतो, भाड्याच्या एका खोलीत, पत्र्याखाली. अशा बारा खोल्यांची रांग मालकीणबाईंनी त्यांच्या शेताच्या कडेला बांधली होती. नव्वदचं दशक सरत आलं होतं, आजूबाजूला कंपन्या वाढत होत्या, आणि ज्याच्या शेताला रस्ता लागून होता त्यानं ज्वारी सोडून खोल्या पेरल्या होत्या. माझे मालक प्रेस शॉपला. पत्रा दाबून त्याला आकार द्यायचं काम. त्या उन्हाळ्यात कंपनीला मोठी ऑर्डर लागली आणि यांच्या वाट्याला तिसरी पाळी आली, तीही सलग. सकाळी साडेसातला यायचे, आंघोळ करायचे, भाकरी खायचे आणि नऊला आडवे व्हायचे ते चारपर्यंत. म्हणजे ज्या वेळात सुट्टीतल्या पोरांना गाव डोक्यावर घ्यायचं असतं, नेमक्या त्या वेळात आमच्या घरात रात्र.

बरं, झोप मोडली तर चिडायचा स्वभाव नाही. चिडले असते तर बरं झालं असतं. हे गप उठून बसायचे, डोळे लाल, आणि पाळीला त्याच डोळ्यांनी प्रेससमोर उभे राहायचे. प्रेसवर डुलकी लागली तर बोटं जातात, हे त्या रांगेतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. त्यामुळे दुपारी आमच्या रांगेत भांडी घासायचीसुद्धा बायका हळू घासायच्या.

खोलीच्या मधोमध एक दोरी होती आणि दोरीवर घोंगडी. काळी, जाड, सासऱ्यांची. आबांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं रानोमाळ गेलं. पुढं दौंडकडं कालव्याचं पाणी आलं, त्यांनी मेंढरं विकली, रान कसायला घेतलं आणि खांद्यावरची घोंगडी मुलाला देऊन टाकली. म्हणाले, "थंडीला चालती, पावसाला चालती. घरात भित नसली तर भितीलाबी चालंल." तशीच ती चालली. घोंगडीपलीकडं यांची रात्र, अलीकडं आमचा दिवस. अलीकडं स्टोव्ह, माठ, मांडणी, मी, माझी नऊ वर्षांची पल्लवी, सात वर्षांचा महेश, आणि त्या उन्हाळ्यात दौंडहून आलेली वैशू.

वैशू माझ्या नणंदेची, वनिताताईंची मुलगी. दहा वर्षांची, केसांच्या दोन घट्ट वेण्या, गुडघ्यावर कायम एक खपली. बोलताना अडायची. शब्द ओठांवर यायचा आणि तिथंच रुतून बसायचा. मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे, आणि समोरच्या माणसाचा धीर तिच्या आधी सुटायचा. ताई तिला न्हावऱ्यावरून येणाऱ्या एसटीनं घेऊन आल्या, पिशवी खाली ठेवली आणि पाणी प्यायच्या आधीच बोलायला लागल्या.

"वहिनी, जूनमधी हिला पाचवीला मोठ्या शाळंत घालायचीय. साठ-सत्तर पोरी एका वर्गात. आवंदा चौथीत काय झालं सांगू? हजेरीला ‘हजर’ म्हणायला हिला येळ लागतो, तवर गुर्जी फुडल्या नावावर. निम्म्या दिसांची गैरहजेरी पडलीय. रोज शाळंत जाऊन गैरहजर. आन् म्हणती कशी, आई, मी आता शाळंत जात न्हाई, तसंबी मी तिथं नसतीच."

"मग मी काय करू म्हणता?"

"काय बी करू नका. तुमची पोरं हायत, त्यांच्यात खेळंल. आमच्याकडं येणारा-जाणारा ज्यो त्यो इचारतो, बाळ तुझं नाव काय."

हे सगळं वैशूच्या देखत चाललं होतं. ती चपलेच्या अंगठ्याकडं बघत होती. ताई परत निघाल्या तेव्हा त्यांनी तिला जवळ घेतलं आणि ती काही बोलली नाही. गाडी गेल्यावर मात्र ती माझा पदर धरून घरी आली.

मला नाटकातलं काय कळत होतं म्हणा. सातवीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात मी झाड झाले होते. दोन्ही हातांत लिंबाच्या फांद्या धरून पाऊण तास उभी. बाईंनी मला झाड केलं याचा राग मला पुढं कितीतरी वर्षं होता. पण एक आहे, झाडाला सगळं नाटक पाठ होतं. तीन पोरांना सात तास आवाज न करता कसं गुंतवायचं हा प्रश्न पडला, तेव्हा तेच झाड कामाला आलं.

नियम एकच. शब्द शेजारच्याच्या कानापर्यंत गेला पाहिजे, घोंगडीपर्यंत जाता कामा नये. पोरांनी नाव ठेवलं ‘कुजबूज कंपनी’. पप्पांची एक कंपनी आणि आपली एक. मग कंपनी म्हटल्यावर सगळंच आलं. महेशनं गेटपास काढले. पल्लवी सुपरवायझर झाली, कारण ती जन्मतःच सुपरवायझर होती. यांनी आणलेल्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचे मुखवटे झाले, सूप हे कधी डोंगर तर कधी स्टेअरिंग झालं, माझी जुनी ओढणी नदी झाली. आणि हजेरी घ्यायची वेळ आली तेव्हा वैशूनं पुठ्ठ्याची तीन कार्डं कापली, त्यांवर नावं लिहिली आणि माठाशेजारी खिळ्याला अडकवली. पप्पांच्या कंपनीत कार्ड पंच करतात, तसं आपण करायचं. आल्यावर कार्डाला टाचणीनं एक भोक पाडायचं, झाली हजेरी. बोलायचं नाही.

तेव्हा मला ते फक्त हुशारीचं वाटलं होतं.

चौथ्या का पाचव्या दिवशी बिबट्याचं नाटक चाललं होतं. उसातला बिबट्या एसटीत चढतो आणि कंडक्टरला कळत नाही की याला हाफ द्यावं का फुल. महेश बिबट्या, पल्लवी सीटवरची म्हातारी, वैशू कंडक्टर. मी पोळ्या लाटत होते. वैशू कुजबुजत होती, "पुढं सरका, पुढं सरका, म्हातारबाई पिशवी मांडीवर घ्या, शेपटी आत घ्या हो, दार लागत नाही, कुठं जायचंय, शिरूर का न्हावरा, सुट्टे द्या, बिबट्याला सवलत नाही." माझं लाटणं जागच्या जागी थांबलं. एवढं लांब वाक्य आणि एकदाही अडली नव्हती. तिच्याकडं बघितलं तर तिला त्यातलं काही माहीत नव्हतं. ती बिबट्याशी हुज्जत घालण्यात गढली होती. मी पोळी उलटली, ती करपली होती.

पुढं कुठंतरी वाचलं की अडखळणारी माणसं पुष्कळदा कुजबुजताना अडखळत नाहीत. तेव्हा काय माहीत. मला वाटलं आपल्याच हाताला गुण आहे. माणसाला असं वाटायला लागलं की पुढची चूक ठरलेली असते.

त्या दुपारींचा वास मला अजून येतो. पत्र्यावर टाकलेल्या ओल्या गोणपाटाचा, माठाचा, पोरांच्या डोक्यांना थापलेल्या तेलाचा. नगर रोडवरून कांद्याचे ट्रॅक्टर जायचे आणि उघड्या दारातून तो उग्र वास आत येऊन बसायचा. बाहेर बाजेवर मालकीणबाईंच्या कुरडया वाळत असायच्या. कावळ्यांना हाकलायचं काम आमच्या कंपनीकडं, तेही आवाज न करता. तीन पोरं तीन कोपऱ्यांत बुजगावणी होऊन उभी राहायची आणि कावळा आला की हात हलवायची. कावळे भ्यायचे नाहीत, पण बघत बसायचे.

मोठ्यानं बोलायचं तर माणसं लांब बसली तरी चालतं. हळू बोलायचं तर डोकी एकत्र आणावी लागतात. तो सगळा उन्हाळा आम्ही चौघं डोक्याला डोकं लावून बसलो. माझी पोरं पुढं शिकली, लांब गेली, एक बंगळूरला आहे, एक ठाण्याला. पण त्यांच्या मानेवरचा घामोळ्याचा पुरळ मला जसा आठवतो तसं त्यांचं मार्कशीट आठवत नाही.

नाटक करून दमलं की गोष्ट. गोष्टीचा नियम आबांचा होता. मेंढरांमागं असताना संध्याकाळी पालावर कुणी गोष्ट लावली की एकानं हुंकार द्यायचा. सांगणारा एक वाक्य बोलला की यानं म्हणायचं, "हूं." हुंकार थांबला की गोष्ट थांबली. आबा म्हणायचे, "हूं न्हाई तर गोष्ट रस्त्यातच बसती. मग तिला कोण उठवणार?" आम्ही पाळीपाळीनं हुंकार द्यायचो. वैशूला तो फार आवडायचा. तोंड बंद ठेवून म्हणता येणारा शब्द तो. तिथं ती कधी अडली नाही.

एका बुधवारी गोष्ट सांगायची पाळी तिची होती. तिनं मेंढीची गोष्ट काढली. एक धनगर रोज संध्याकाळी मेंढरांना नावानं हाका मारून मोजायचा. सगळी ओ द्यायची, एक मेंढी द्यायची नाही. धनगर म्हणायचा एक कमी आली, आणि तिला शोधायला रानात निघून जायचा. मेंढी तर तिथंच उभी. इथवर गोष्ट आली आणि चार वाजले, पलीकडं यांची हालचाल झाली. पुढचं उद्या, असं ठरलं.

पण उद्या गुरुवार होता. गुरुवारी कंपनीला सुट्टी असायची. हे सकाळीच शिरूरला गेले होते, स्टोव्हचा वायसर आणि आणखी दहा कामं. घोंगडीपलीकडं कुणी नाही, म्हणजे आवाजाला मोकळीक. आणि मला अवदसा आठवली. म्हटलं, आज खरंखुरं नाटक करू. मोठ्यानं. मी मालकीणबाईंना बोलावलं, शेजारच्या खोलीतल्या उत्तर प्रदेशातल्या भाभींना बोलावलं, रांगेतली पोरं तर न बोलावता आली. मालकीणबाईंना खुर्ची दिली. वैशूनं माझा पदर ओढला आणि मान हलवून नको म्हणाली.

"अगं भितेस काय," मी म्हणाले, "सगळं पाठ आहे तुला. रोज बोलतेस तेच बोलायचं, जरा मोठ्यानं."

बिबट्या एसटीत चढला. वैशूनं विचारायचं होतं, कुठं जायचंय. ‘क’ आला आणि रुतला. मान ताठ झाली, डोळे मिटले. महेश बिचारा गुडघ्यांवर रांगत तिकिटाची वाट बघत राहिला. एक पोरगा हसला. मालकीणबाई मनानं वाईट नव्हत्या, त्यांना मदतच करायची होती. त्या शब्द पुरवायला लागल्या. "काय? कोण? कंडक्टर? कुठं? कुठं म्हणायचंय व्हय तुला?" मग सगळीच पुरवायला लागली. शेवटी त्या माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आसू द्या वो. दुसऱ्या पोरीला द्या ते काम."

वैशूनं हातातली पुठ्ठ्याची तिकिटं सुपात ठेवली. घोंगडी बाजूला केली, पलीकडं गेली आणि मामाच्या रिकाम्या अंथरुणावर भिंतीकडं तोंड करून बसली. मी आत जाऊन काय काय बोलले ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी झाड असताना जशी उभी होते तशीच त्या दिवशी उभी राहिले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर ती बोलेना. मोठ्यानं नाही, कुजबुजतही नाही. जेवायची, खेळायचं नाव नाही. पल्लवी आणि महेशनं तिला बिबट्याचं काम देऊ केलं, बिबट्याला फक्त गुरगुरायचं असतं, तरी नाही. शुक्रवार, शनिवार, रविवार. माठाशेजारच्या खिळ्यावर तिचं कार्ड लटकत होतं आणि त्यावर नवीन भोक नव्हतं. चौथीतली निम्मी गैरहजेरी मास्तरांनी मांडली होती, ही मी मांडली. जून वीस-पंचवीस दिवसांवर आला होता आणि मी ताईंना काय तोंड दाखवणार होते?

सोमवारी दुपारी मी तिघांना जवळ घेतलं आणि तिचीच गोष्ट पुढं न्यायला लागले. मनात हिशेब असा की मी मुद्दाम चुकीचं सांगेन आणि तिला राहवणार नाही. "तर धनगर आला," मी कुजबुजले, "आणि मेंढरं मोजायला लागला." हुंकार द्यायची पाळी वैशूची होती. मी थांबले. पल्लवीनं तोंड उघडलं, मी डोळे वटारले. टेबलफॅन खडखडत होता. वैशू पायाच्या अंगठ्याकडं बघत होती. हुंकार नाही, तर गोष्ट नाही. मी थांबूनच राहिले, आणि आता मला रडू येतं का काय असं झालं.

तेवढ्यात घोंगडीपलीकडून आवाज आला.

"हूं."

आम्ही चौघंही दगड झालो. मी कशीबशी म्हणाले, "झोपमोड झाली का?"

"झोप कुटली. फुडं काय झालं त्या मेंढीचं?"

"तुम्ही ऐकत होतात?"

"बुधवारपास्नं आडाकलीय ती. बेस्तरवारी मी न्हवतो, तुमी दुसरंच काढलं म्हणं. म्हणलं आज व्हईल, उद्या व्हईल. रोज आयकतोय तर कोन बोलतच न्हाई."

रोज ऐकत होते. माझ्या डोक्यात एकेक दुपार उलटी फिरायला लागली. बिबट्या, म्हातारी, नदी, सगळं त्यांनी ऐकलं होतं, आणि आम्ही मात्र श्वास धरून बसायचो.

"मला नाही माहीत पुढचं," मी म्हणाले. "वैशूची मेंढी आहे."

"मग तिलाच इचारतो. वैशू, काय झालं गं?"

एवढं बोलून ते गप्प झाले. परत विचारलं नाही, शब्द पुरवला नाही. मालकीणबाईंना न जमलेली गोष्ट त्यांना आपोआप जमली, की त्यांना त्याची कधी शिकवण मिळाली होती, कोण जाणे. मग वैशू घोंगडीच्या जवळ सरकली आणि त्या काळ्या लोकरीला तोंड लावून कुजबुजली, "धनगर हाका मारायचा. ती ओ देत नव्हती. तो रानात शोधायला जायचा आणि ती इथंच असायची."

"थांब," पलीकडून आवाज. "हाका मारून मोजायचा? असला कसला ह्यो धनगर? आमचा आबा दीडशे मेंढरं तोंडावरनं वळखायचा. आवाजावर कोन मोजतंय? ह्यो गडी कच्चा हाय बघ. चूक त्याची हाय, मेंढीची न्हाई."

वैशू हसली. कुजबुजून नाही हसता येत. ती मोठ्यानं हसली. आमच्या त्या दुपारच्या रात्रीत पहिल्यांदा एवढा आवाज झाला आणि कुणी कुणाला गप्प केलं नाही.

"मग?" पलीकडून.

"मग ती मेंढी त्याच्या घोंगडीवर जाऊन बसली."

"आन्?"

"मग तो म्हणाला, अगं, तू इथंच होय."

"हूं," हे म्हणाले. "आता झोपतो."

संध्याकाळी मी बघितलं, कार्डाला भोक पडलं होतं. एक नाही, चार. राहिलेल्या दिवसांची पण तिनं पाडून घेतली होती.

मग रोजचं झालं. रोज एक गोष्ट घोंगडीच्या पलीकडच्या माणसाला. दुसऱ्या दिवशी हे म्हणाले, "पंखा लई वाजतोय, जरा मोठ्यानं." तिसऱ्या दिवशी, "आजून जरा." पंखा तेवढाच वाजत होता. वैशूचा आवाज पैशापैशानं चढत गेला, आणि आवाज चढला तशी ती अडायलाही लागली, पूर्वीसारखीच. पण पलीकडचा माणूस दिसत नव्हता, हसत नव्हता, मदतही करत नव्हता. ती अडली की तो थांबायचा. शब्द बाहेर पडला की म्हणायचा, "हूं." मी एकदा विचारलं, तिला शब्द सुचवत का नाही. म्हणाले, "मेंढरू वढ्यापाशी बिचाकलं तर ढकलायचं नसतं. हुबं ऱ्हायचं. त्याचं त्ये येतं."

मला त्यांच्या बोटांची काळजी होती. मी रागावले, असंच चाललं तर प्रेसवर काय होईल. तर म्हणाले, "झोप कवाबी येती. पोरगी रोज कुठं बोलती?" त्यावर संध्याकाळी सहा ते नऊ त्यांनी झोपावं असं ठरलं, आणि मी तिन्ही पोरांना घेऊन तेवढा वेळ मारुतीच्या पारावर जाऊन बसायला लागले. कंपनी तिथं हलली. पारावर मोठ्यानं बोललं तरी चालायचं, पण पोरांना कुजबुजायचीच सवय लागली होती.

जूनमध्ये ताई येऊन तिला घेऊन गेल्या. जाताना वैशूनं घोंगडीला हात लावला, मामाला नाही. मामा तर पलीकडं जागेच होते. मी ताईंना गुरुवारचं सगळं सांगितलं, माझी चूकही सांगितली. त्या म्हणाल्या, "वहिनी, ती तुमच्याकडं मोठ्यानं हासली म्हणता ना. मग बाकीचं ऱ्हाऊ द्या." शाळा सुरू व्हायच्या दिवशी माझं कामात लक्ष नव्हतं. नाक्यावरच्या किराणा दुकानात फोन होता. दुकानदाराला मी सकाळीच सांगून ठेवलं होतं की दौंडहून फोन आला तर पोरगं पाठव. त्याला कुणाला पाठवायची वेळ आली नाही, मी तिथंच उभी होते.

"वहिनी," पलीकडून ताई, "हजेरी लागली."

"म्हणाली का?"

"आयका तर. बाईंनी नाव घेतलं. ही आडाकली. बाई फुडल्या नावावर गेल्या. तर ही जाग्यावरनं उठली, चालत टेबलापाशी गेली आन् बाईंच्या समोर हुबी ऱ्हायली. म्हंजी अक्षी तोंडासमोर. बाई बघत्यात, ही बघती. मग बाईंनी तोंड बघितलं, नाव बघितलं, आन् हजेरी लावली. ती लावून झाल्यावर मग हिच्या तोंडातनं निघालं, हजर. सगळा वर्ग हासला. बाई म्हणल्या, कळलं गं बाळा, दिसतीयस की." ताई हसत होत्या का रडत होत्या ते फोनवर समजत नव्हतं. "आन् घरी येऊन मला इचारती, आई, मामाची पाळी कंची हाय आज, त्यांना सांग."

मी पळतच घरी गेले. दुपारची वेळ, घोंगडी लोंबत होती. मी अलीकडूनच सगळं सांगितलं, एका दमात, कुजबुजत. मला वाटलं झोपले. मग पलीकडून आलं, "हूं." त्यात थोडं पाणी होतं.

आभार म्हणून मी कधी मानले नाहीत. आमच्यात नवऱ्याचे आभार मानायची रीत नाही, चहात साखर जास्त घालतात. पण लिहायला बसले आहे तर लिहून टाकते. त्या माणसानं एका उन्हाळ्याची झोप दिली, आणि वर आपण ती दिली हे कुणाला कळू दिलं नाही. मी त्यांच्या ऋणात आहे. आबांच्या घोंगडीच्याही आहे. ती भिंत असती तर त्यातून आवाज आला-गेला नसता.

आता हे घरीच असतात. बोटं दहाच्या दहा आहेत. कान मात्र प्रेसनं नेले. पंचवीस वर्षं तो दणका ऐकून ऐकून हळूहळू सगळंच बंद होत आलं. कानात घालायचं यंत्र आणलंय, ते कपाटात असतं. ज्याला घोंगडीतून कुजबूज ऐकू यायची त्याला आता शेजारी बसून ओरडून सांगावं लागतं, आणि घरात कितीही आवाज केला तरी झोपमोड होत नाही. अशा घरात कुणी आवाज करायला नाही, ही त्यातली गंमत.

म्हणून काल ती जिन्यातली पोरं बरी वाटली. आणि आज सकाळच्या गाडीनं वैशू आली. ती दौंडजवळ अंगणवाडी चालवते. अडखळते अजून, तशीच. पण थांबत नाही. बारक्या पोरांची हजेरी ती कशी घेते हे मी विचारलेलं नाही, मला माहीत आहे. बरोबर तिचा सहा वर्षांचा मुलगा, त्यालाही सुट्टी लागली. जेवणं झाल्यावर त्यानं हट्ट धरला, आई, मामाआजोबांना मेंढीची गोष्ट सांग. हे पलंगावर बसले होते, मांडीवर तीच घोंगडी, कडा विरलेल्या. वैशू त्यांच्या अगदी समोर बसली, तोंडासमोर, आणि गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सुरू झाली. एक धनगर होता. हे तिच्या चेहऱ्याकडं बघत होते.

"मामा, तुम्हाला ऐकू येतंय का?" तिनं मध्येच ओरडून विचारलं.

"न्हाई," हे म्हणाले. "पर तू सांग. तोंडावरनं कळतंय."

ती हसली आणि पुढं निघाली. धनगर हाका मारायला लागला, आणि ‘म’ वर येऊन ती अडली. मान ताठ, डोळे मिटलेले. तिच्या मुलाला राहवेना, तो म्हणायला गेला, "मेंढी, आई, में..." तर यांनी हात वर करून त्याला थांबवलं. खिडकीतून जिन्यातल्या पोरांचा गोंगाट येत होता, तो यांच्यापर्यंत पोचत नव्हता. ते तिच्या मिटलेल्या डोळ्यांकडं बघत वाट पाहत राहिले. मग शब्द सुटला, त्यांनी तो तिच्या ओठांवर पाहिला, आणि म्हणाले, "हूं."